बीजेची कोर आणि काठीची सावली

२८ मेच्या दुपारी बरोबर २ वाजून ४८ मिनिटांनी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या कोणत्याही अंगणात एक सरळ काठी उभी रोवावी. वर्ध्याचे ऊन तेव्हा कसे असते हे इथल्यांना सांगायला नको, पण दोन मिनिटांचेच काम आहे. काठीची सावली पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला झुकलेली पडते. सावलीच्या टोकाशी उभे राहून काठीच्या बुंध्याकडे तोंड केले, की आपण मक्केतल्या काबेच्या नेमके समोर उभे असतो. होकायंत्र नको, नकाशा नको. कारण त्या क्षणी सूर्य काबेच्या थेट डोक्यावर असतो, आणि तो जिथून दिसतो तिथून त्याची दिशा हीच काबेची दिशा. लीप वर्षी हा क्षण २७ मेला येतो. जुलैच्या १५-१६ तारखेला दुपारी २ वाजून ५७ मिनिटांनी तो पुन्हा एकदा येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग सूर्य दिसू देतील तर.

वर्धा आणि मक्का ही दोन ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. वर्धा पावणेएकवीस अंशांच्या आसपास, मक्का साडेएकवीसच्या जरा आत. म्हणून सूर्य थेट डोक्यावर येण्याचा वर्ध्याचा दिवस, म्हणजे शून्य सावलीचा दिवसही मेच्या त्याच आठवड्यात पडतो. दोहोंमधले सरळ अंतर सुमारे ४,००० किलोमीटर. मग मक्का आपल्या ठीक पश्चिमेला असावी असे वाटते, आणि रोजच्या बोलण्यात ‘नमाज पश्चिमेकडे तोंड करून पढतात’ असे आपण म्हणतोही. पण पृथ्वी गोल आहे. चेंडूवर एकाच उंचीवरच्या दोन ठिपक्यांना दोरा ताणून बसवला, तर तो सरळ आडवा न राहता ध्रुवाच्या बाजूला थोडा चढून मग उतरतो. तसेच इथे होते. सिंदी मेघेहून काबेची दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे आठ अंश सरकते, म्हणजे घड्याळाच्या दोन तासखुणांमधल्या अंतराच्या चौथाईइतकी.

या दिशेला ‘किब्ला’ म्हणतात. ती काढण्यासाठी मुस्लिम जगातल्या गणितज्ञांनी शतकानुशतके त्रिकोणमिती घासूनपुसून लखलखीत केली. अकराव्या शतकात भारतात येऊन संस्कृत शिकलेला अल्-बिरूनी याने गझनी शहराचा किब्ला काढण्यासाठी एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्या गणिताच्या मुळाशी जी संकल्पना आहे, ती अरबांना भारतातून मिळाली: आर्यभटाची ‘ज्या’, तिचेच दुसरे नाव ‘जीवा’. अरबीत तिचे ‘जीबा’ झाले, पुढे ते ‘जैब’ असे वाचले गेले, आणि त्याचे लॅटिन भाषांतर होऊन जगाला ‘साइन’ हा शब्द मिळाला. आपल्या मातीतले एक गणित अरबस्तानातल्या एका वास्तूची दिशा शोधायला कामी यावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

काबा म्हणजे काळ्या रेशमी आच्छादनाखालची, सुमारे १३ मीटर उंचीची घनाकार दगडी वास्तू. मुस्लिम काबेची पूजा करत नाहीत, ही गोष्ट अनेकांना नवी वाटते. काबा ही सगळ्यांनी एकत्र तोंड करायची खूण. सुरुवातीला मुस्लिम जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करत. महंमद पैगंबर मक्केहून मदिनेला गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स. ६२४ मध्ये, किब्ला बदलला. पूजा मात्र एकट्या अल्लाहची. त्याला रूप नाही, मूर्ती नाही, जोडीदार नाही, त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि त्याला कोणी जन्म दिला नाही. या एकत्वाला ‘तौहीद’ म्हणतात. इस्लामची बाकी सारी इमारत या एका दगडावर उभी आहे.

‘अल्लाह एकच आणि महंमद त्याचे प्रेषित’ अशी साक्ष म्हणजे ‘कलमा’. ती मनापासून दिली की माणूस मुस्लिम होतो. मध्ये पुरोहित लागत नाही. महंमद पैगंबरांचा जन्म मक्केत इ.स. ५७० च्या सुमाराचा. वडील जन्माआधीच गेले, आई लहानपणी गेली. ते व्यापार करत. वयाच्या चाळिशीत, इ.स. ६१० मध्ये, हिरा नावाच्या गुहेत त्यांना पहिला संदेश मिळाला आणि पुढची सुमारे २३ वर्षे तो तुकड्यातुकड्यांनी येत राहिला. इ.स. ६२२ मध्ये मक्केतल्या छळामुळे ते मदिनेला गेले. ती हिजरत, हिजरी सन तिथून मोजतात. इ.स. ६३२ मध्ये मदिनेतच त्यांचे निधन झाले. मुस्लिम त्यांना शेवटचे प्रेषित मानतात, पण पहिले मानत नाहीत: आदम, नूह, इब्राहीम, मूसा, ईसा हे सगळे त्याच मालिकेतले. येशूला, म्हणजे ईसाला, न मानणारा माणूस मुस्लिम ठरत नाही, हे ऐकून कित्येक ख्रिस्ती मित्रांनाही नवल वाटते. याशिवाय देवदूतांवर, आधीच्या ग्रंथांवर, मरणानंतरच्या न्यायाच्या दिवसावर आणि ईश्वराने ठरवलेल्या नियतीवर विश्वास, अशी श्रद्धेची चौकट आहे.

कुराणात ११४ सूरा आहेत, प्रचलित मोजणीप्रमाणे ६,२३६ आयती, आणि पठणाच्या सोयीसाठी ३० पारे. हा ग्रंथ आधी कानाने जगला, मग कागदाने. आजही तो संपूर्ण, जेर-जबर या स्वरचिन्हांसकट, तोंडपाठ असणारे ‘हाफिज’ गावोगाव भेटतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची मातृभाषा अरबी नसते. वेदांची घनपाठी परंपरा ज्या महाराष्ट्राने जपली, त्याला या कष्टांची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

वर्ध्याने ती किंमत खरोखरच ओळखली होती. सिंदी मेघेचा परिसर त्या इतिहासाला लागूनच आहे. १९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीत राहत होते. तेव्हा जवळच्या सिंदी गावात महादेवभाई देसाई आणि इतर सहकारी रस्त्यावरची घाण उचलायला जात, आणि मीराबेन तर त्या गावात राहायलाच गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी सरहद्द प्रांतात जायला बंदी असलेले खान अब्दुल गफारखान जमनालाल बजाजांच्या आग्रहाने वर्ध्यात येऊन राहिले होते. डिसेंबर १९३४ मध्ये त्यांना अटक झाली तीही वर्ध्यातच. पुढे सेवाग्रामच्या प्रार्थनेत कुराणातली पहिली सूरा, ‘अल्-फातिहा’, आली ती अब्बास तय्यबजींच्या कन्या रैहाना तय्यबजी यांच्यामुळे. सात छोट्या आयतींची ही सूरा मुस्लिम माणूस दिवसातून किमान सतरा वेळा म्हणतो. तिच्यात आधी सगळ्या विश्वाच्या दयाळू पालनकर्त्याची स्तुती आहे, मग त्याच्याकडे एकच मागणे: आम्हांला सरळ वाटेने ने. ईशावास्य उपनिषदाच्या शेवटी अग्नीकडे जे मागितले आहे, ते आठवल्याशिवाय राहत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत मोठे वाटते ते विनोबांचे काम. पवनारच्या धाम नदीकाठी राहणाऱ्या या माणसाने कुराण आधी भाषांतरातून वाचले, मग त्यावर न भागवता मूळ अरबीतून वाचायला घेतले. उच्चार पक्के व्हावेत म्हणून ते रेडिओवरचे कुराणपठण कान देऊन ऐकत. फाळणीनंतर १९४८ मध्ये ते मेवातच्या उखडलेल्या मेव मुस्लिमांच्या पुनर्वसनासाठी झटले, अजमेरच्या दर्ग्यातही जाऊन राहिले. अनेक वर्षांच्या अभ्यासातून त्यांनी हजारावर आयती निवडून, विषयवार लावून ‘कुराण-सार’ सिद्ध केले. पुस्तक हाती येण्याआधीच त्यावर टीका झाली, आणि आल्यावर अनेक मुस्लिम अभ्यासकांनी ते आपले म्हटले. साने गुरुजींनीही ‘इस्लामी संस्कृती’ लिहून पैगंबरांचे चरित्र मराठी वाचकांपुढे ठेवले होते. शेजाऱ्याचा धर्म शेजाऱ्याच्याच शब्दांतून, त्याच्या उच्चारांसकट शिकायचा, ही वर्ध्याची रीत आहे आणि ती आपण विसरू नये असे मला तळमळीने वाटते. आपल्यापैकी कितीजणांनी रोज कानावर पडणाऱ्या अजानचा अर्थ कधी विचारला आहे? अल्लाह सर्वांत महान आहे, तो एकच पूज्य आहे, महंमद त्याचे प्रेषित आहेत, प्रार्थनेकडे या, कल्याणाकडे या, एवढेच तिच्यात आहे. पहाटेच्या अजानमध्ये एक वाक्य जास्तीचे असते: झोपेपेक्षा प्रार्थना बरी.

नमाज पाच वेळांची, आणि पाचही वेळा सूर्याच्या. पहाट फुटल्यापासून सूर्य उगवेपर्यंत फजर, सूर्य माथ्यावरून कलल्यावर जोहर, दुपार उतरल्यावर असर, सूर्य बुडाला की मगरीब, आणि संध्याप्रकाश पुरता विझला की इशा. यांतली असर पुन्हा काठीच्या सावलीवर मोजतात. भरमाध्यान्हीला जी सावली असते तिच्यात काठीच्या लांबीएवढी भर पडली, की शाफई पंथाच्या लोकांची असर सुरू होते. हनफी पंथात काठीच्या दुप्पट भर पडेपर्यंत थांबतात. कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई, तर विदर्भातले सुन्नी बहुतेक हनफी. म्हणजे एकाच महाराष्ट्रात, एकाच सूर्याखाली, असरची अजान कोकणात एका सावलीला आणि आपल्याकडे दोन सावल्यांना होते. दोन्ही पंथ एकमेकांना बरोबर मानतात.

नमाजेआधी वजू: हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, घोट्यापर्यंत पाय. पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवून ‘तयम्मुम’ करता येतो. नमाजेच्या एका आवर्तनाला ‘रकात’ म्हणतात. उभे राहणे, कमरेत वाकणे, आणि कपाळ जमिनीला टेकवून दोन सिजदे. पाच वेळांच्या अनिवार्य रकाती २, ४, ४, ३, ४ अशा मिळून १७ होतात. फातिहा सतरा वेळा ती यामुळेच. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची सामुदायिक नमाज असते आणि तिच्याआधी खुतबा, म्हणजे प्रवचन. रांगेत जो आधी आला तो पुढे. मालक आणि मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, जागा राखून ठेवलेली नसते.

दिवस सूर्याचा आहे, तर वर्ष संपूर्णपणे चंद्राचे. मराठी माणसाला हिजरी पंचांग चटकन कळावे, कारण आपलेही महिने चांद्रच. अमावास्येनंतर पश्चिमेला बीजेची कोर दिसते. तीच कोर डोळ्यांनी दिसली, की मुस्लिम महिना सुरू होतो, आणि दिवस सूर्यास्तापासून मोजतात. म्हणून हिजरी महिन्याची पहिली तारीख आपल्या शुद्ध द्वितीयेच्या आसपास पडते, दहावी तारीख एकादशीच्या आसपास. फरक एकाच जागी आहे. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष ३५४-३५५ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. आपल्या पूर्वजांनी ही तूट दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून भरून काढली, म्हणून आषाढी पावसाळा सोडत नाही. इस्लामपूर्व अरबस्तानातही असा जादा महिना घालण्याची चाल होती. कुराणाने ती मोडली आणि महिने बाराच ठरवले.

या एका फरकातून काय घडते ते गेल्या काही वर्षांत उभ्या महाराष्ट्राने पाहिले. १० जुलै २०२२ ला आषाढी एकादशी होती आणि बकरी ईदही. २९ जून २०२३ ला पुन्हा दोन्ही एकाच दिवशी. बकरी ईद जिलहिज्जच्या दहा तारखेला असते, आणि त्या दोन्ही वर्षी जिलहिज्ज आषाढाबरोबर चालला होता. मग २०२३ च्या पावसाळ्यात अधिक श्रावण आला. आपले पंचांग एक महिना थांबले, हिजरी थांबले नाही. परिणाम असा, की १७ जुलै २०२४ च्या आषाढीला मोहरमची दहा तारीख, आशुरा, जुळून आली. ६ जुलै २०२५ लाही तेच. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येतो आणि ही जोडी पुन्हा सुटते. दोन दातेरी चाके एकमेकांत अडकून फिरावीत आणि ठरावीक वेळाने एक दात सरकावा, तसे हे आहे. हे मी पंचांग आणि हिजरी तारखा शेजारी मांडून पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या चार वर्षांवरून नजर हटेना. २०२३ मध्ये राज्यातल्या अनेक गावांतल्या मुस्लिमांनी एकादशीला कुर्बानी केली नाही, दुसऱ्या दिवशी केली. शरियतही त्याला आड येत नव्हती, कारण कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहे.

आशुरा म्हणजे इ.स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानावर पैगंबरांचे नातू हुसैन यांना आलेल्या हौतात्म्याचा दिवस. शिया त्या दिवशी शोक करतात. शिया आणि सुन्नी हा भेद मुळात पैगंबरांनंतर नेतृत्व कोणाचे यावरून पडला. तौहीद, कुराण आणि किब्ला दोघांचे एकच.

चांद्र वर्षाचा सगळ्यात मोठा कस रमजानमध्ये लागतो. पहाटेपूर्वी सहेरी, मग सूर्यास्तापर्यंत अन्न नाही की पाण्याचा थेंब नाही. खोटे बोलणे, चहाडी, भांडण यांनी रोज्याचे पुण्य वाया जाते. वर्ध्यात डिसेंबरातला रोजा सुमारे बारा तासांचा, मेअखेरचा साडेचौदा तासांचा. २०१८ आणि २०१९ चा रमजान मे महिन्यात आला होता. ४५ अंशांच्या उन्हात बांधकामावर वा बाजारात दिवसभर राबून, संध्याकाळी पहिला घोट घेणाऱ्यांची ती तपश्चर्या आपल्या शेजारी चालली होती. आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना सूट आहे. राहिलेले रोजे नंतर पुरे करायचे. मागे सरकत सरकत सुमारे ३३ वर्षांत रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. त्यामुळे जगातल्या कोणत्याच देशाला कायमचा कठीण किंवा कायमचा सोपा रोजा मिळत नाही. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या शेवटी. इफ्तारची वेळही जागेची असते. सिंदी मेघेत रोजा सुटतो तो मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी. त्या वेळी मक्केत अजून दुपार उतरत असते, तिथे सूर्य बुडायला अडीच तास असतात.

जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, शेकडा अडीच. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढी शिल्लक असेल, तर ती लागू होते. ती गरिबांचा हक्क मानली जाते, देणाऱ्याचा उपकार नव्हे. शेतीच्या पिकावरचा हिस्सा वेगळा आहे, आणि तो विदर्भातल्या शेतकऱ्याने जरूर ऐकावा. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि विहिरीतून ओढून, मेहनतीने ओलित केलेल्या पिकाचा विसावा. जिथे शेतकऱ्याने पाण्यासाठी घाम गाळला, तिथे त्याच्यावरचा भार निम्मा. कोरडवाहू आणि ओलित हा भेद सातव्या शतकातल्या वाळवंटातल्या समाजाने इतक्या बारकाईने धरला होता. रमजान ईदच्या नमाजेआधी फितरा नावाचे दान द्यायचे तेही याच हेतूने, की सणाच्या दिवशी कोणाची चूल थंड राहू नये.

वर्धा जिल्ह्यात इस्लामची लोकांना सर्वांत जवळची ओळख पटते ती गिरडच्या टेकडीवर. समुद्रपूर तालुक्यातल्या या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि तिथे जाणाऱ्यांत हिंदू कितीतरी. टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड सापडतात. कथा अशी, की व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांच्या गोण्यांतला सारा माल दगड झाला. भूगर्भशास्त्र सांगते, की दख्खनच्या लाव्हाच्या थरातल्या पोकळ्यांत साचलेले हे झिओलाइटचे गोटे. दोन्ही गोष्टी टेकडीवर सुखाने नांदतात. दर्ग्यावर चादर चढवणे, मन्नत मागणे हे काही उलेमांना मान्य नाही. सूफी परंपरा त्याला गुरूविषयीचे प्रेम म्हणते. हा वाद मुस्लिमांच्या आतला आणि फार जुना आहे. सेतुमाधवराव पगडींनी ‘सूफी संप्रदाय’ लिहून मराठीत त्याची वाट उघडली.

उरला हज, ऐपत आणि प्रकृती असेल त्याला आयुष्यात एकदा. पुरुष दोन न शिवलेली पांढरी वस्त्रे नेसतात, म्हणजे राजा कोण आणि रंक कोण हे कपड्यांवरून कळत नाही. काबेभोवती सात फेरे, साफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात खेपा. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत धावलेल्या हाजरा या आईची ती आठवण. जगातले लाखो पुरुष आणि बाया एका तहानलेल्या लेकराच्या आईच्या पावलांवर पाऊल टाकून चालतात, हे मला हजमधले सर्वांत हृद्य दृश्य वाटते. जिलहिज्जच्या नऊ तारखेला अरफातच्या मैदानात सूर्यास्तापर्यंत थांबून क्षमायाचना, मुजदलिफात रात्र, मीनामध्ये खडे मारणे, कुर्बानी, केस उतरवणे.

आपल्याकडचे हाजी नागपूरहून विमानाने जातात. परतल्यावर त्यांच्या घरी आळी लोटते, आणि प्रत्येकाच्या हातावर दोन खजूर आणि छोट्या वाटीत घोटभर झमझम ठेवतात, हाजरांच्या तान्ह्यासाठी फुटलेल्या त्या झऱ्याचे पाणी. ते उभे राहून, किब्ल्याकडे तोंड करून पितात. सिंदी मेघेत म्हणजे पश्चिमेला, आणि तिथून आठ अंश उत्तरेकडे.